हजेरीपटावरचा गुन्हा

(दृश्य : पहाट. सेटलमेंटमधील घरांच्या ओळी, नळावर लागलेल्या घागरी.)

सोलापूर रेल्वे स्थानकाबाहेर रिक्षात बसून ‘सेटलमेंट’ एवढे म्हटले, की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. हा इंग्रजी शब्द या शहरात आता पत्ता झाला आहे. तो टपालावर असतो, शाळेच्या दाखल्यावर असतो, लग्नपत्रिकेवरही असतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र ते तारेच्या कुंपणाचे नाव होते. त्या कुंपणाच्या आत कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे ठेवलेली होती, आणि त्यांची गुन्हेगार म्हणून झालेली नोंद त्यांच्या कृत्यावरून नव्हे, त्यांच्या जन्मावरून झालेली होती.

(दृश्य : जुन्या नोंदवहीचे पान, शाईचे ठसे. कॅमेरा अंगठ्याच्या एका ठशावर स्थिरावतो.)

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग पद्धतशीरपणे गुन्हे करण्याच्या आहारी गेला आहे, असे सरकारला वाटले की ती संपूर्ण जमात तशी जाहीर करता येत होती. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यासह देशभर लागू झाला. ज्याचे नाव नोंदवहीत चढले, त्याचे ठसे घेतले जात, त्याला ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि हद्दीबाहेर जायचे तर पास काढावा लागे. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून ठेवण्याची तरतूदही त्यात होती. हा ठसा नीट पाहावा. त्याच्या शेजारी नाव आहे, बापाचे नाव आहे, जात आहे. चोरी कधी झाली, कोणाची झाली, हे लिहिण्याची गरज त्या पानाला वाटलेली नाही.

याच काळात युरोपात या विचाराला शास्त्राचा आधार दिला जात होता. इटलीतील वैद्य चेझारे लोंब्रोसो यांनी १८७६ मध्ये असे मांडले, की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात आणि त्यांच्या कवटीवरून, जबड्यावरून, कानांवरून ती ओळखता येतात. पुढे मोजमापांत हे मत टिकले नाही. आपल्याकडे तर कवटी मोजण्याचीही तसदी घेतली गेली नाही. जात विचारली, तेवढ्यावर भागले.

(दृश्य : गिरणीची चिमणी. त्यानंतर कामाला निघालेल्या माणसांचे पाय.)

वसाहतीतील माणसे सोलापूरच्या कापड गिरण्यांत कामाला जात. पाळीचा भोंगा झाला की कामावर आणि काम सुटले की कुंपणात, असा तो दिनक्रम होता. ज्याला जन्मजात चोर ठरवले होते, तोच माणूस साच्यावर उभा राहून दिवसभर सूत सांभाळत होता. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये जे सांगितले, ते या चिमणीखाली उभे राहिले की चटकन समजते : समाज सर्वांपुढे एकच ध्येय ठेवतो, पण तिथे पोहोचण्याचे सरळ मार्ग सर्वांना देत नाही, आणि त्या ताणातून काही जण आडवाट धरतात. त्याच वर्षी गुन्हेगारीचे अमेरिकन अभ्यासक फ्रँक टॅननबॉम यांनी दुसरी बाजू दाखवली. माणसाला वारंवार गुन्हेगार म्हणून वेगळे काढले, की तो हळूहळू त्याच शिक्क्यात राहू लागतो.

(दृश्य : पोलीस ठाण्याचे टेबल, स्टेशन डायरी, कार्बन ठेवलेले अर्ज.)

गुन्ह्यांची आजची मोजणी या टेबलावर सुरू होते. एसटी स्थानकावरच्या गर्दीत एखाद्या बाईच्या पिशवीतून पाच हजारांहून महाग मोबाईल गेला, आणि ती ठाणे अंमलदारासमोर येऊन बसली, की सारे एका शब्दावर ठरते. ‘चोरी’ असे लिहिले तर तो दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी स्वतःहून तपास करण्याजोगा गुन्हा होतो, त्याला गुन्हा रजिस्टर नंबर पडतो आणि तो आकड्यात येतो. ‘गहाळ’ असे लिहिले तर बाईला सिमकार्डापुरता दाखला मिळतो आणि शहरातील एक चोरी कागदावर घडतच नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात बजावले आहे. तरीही तो एक शब्द अजून माणसाच्या हातात आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या जिल्हावार तक्त्यांत सोलापूर शहर आणि सोलापूर ग्रामीण अशा दोन वेगळ्या ओळी असतात. एकाच फिर्यादीत अनेक गुन्हे असले, तर त्यांतील सर्वांत गंभीर तेवढा मोजला जातो. लाख लोकसंख्येमागचे प्रमाण काढताना भागाकारासाठी २०११ च्या जनगणनेवर आधारलेली अंदाजित लोकसंख्या घ्यावी लागत आली आहे. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३१ मध्येच इशारा दिला होता, की घडलेल्या आणि नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांचे परस्पर प्रमाण स्थिर असेल, तरच अशा आकड्यांवरून काही बोलता येते. म्हणूनच अमेरिकेत १९७३ पासून घरोघरी जाऊन ‘तुमच्या बाबतीत काय घडले’ असे थेट विचारण्याची पद्धत सुरू झाली. आम्हाला ती पद्धत इथे हवी आहे.

(दृश्य : मुळेगाव तांडा. उलटी पडलेली पिंपे, मग शिवणयंत्र.)

हातभट्टीचा गुन्हा पोलीस शोधायला गेले तरच सापडतो. आठवड्यात दोन छापे घातले तर दोन गुन्हे, आणि दहा घातले तर दहा. भट्ट्या तेवढ्याच असतात. सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्यावर वर्षानुवर्षे असेच गुन्हे नोंदले गेले आणि काही दिवसांनी पिंपे पुन्हा चुलीवर चढली. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले, तेव्हा छाप्यांच्या जोडीने एकेक गाव एकेका अधिकाऱ्याकडे सोपवले गेले, आणि भट्टी बंद केली तर घर कशावर चालेल, हा प्रश्न घेऊन पोलीस दारात बसले. बायकांना शिवणकाम शिकवले गेले. नोंदवहीत या कामासाठी रकाना नव्हता.

(दृश्य : सेटलमेंटमधील शाळा, प्रार्थनेची रांग.)

१८७१ पासून चालत आलेला तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला आणि संशय कायम राहिला. विमुक्तांना, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींना, मनमानी अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा सांगावे लागले.

(दृश्य : वर्ग. बाई हजेरी घेत आहेत. निवेदन थांबते, मुलांची नावे आणि ‘हजर’ एवढेच ऐकू येते.)