पादुका पालखीत, स्नोशू पायात

(मंडळाच्या हिवाळी कार्यक्रमातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मागेपर्यंत ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय 'फ्रँकोनियाच्या धारेवरचं हिवाळी हवामान'. फ्रँकोनिया म्हणजे आपल्या न्यू हॅम्पशरातली डोंगरधार. त्याकडे येतोच. आधी नावाचं बघू. बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधतात त्या रुंद चौकटी म्हणजे स्नोशू. त्यांना मराठी शब्द हवा म्हणून आपल्यातल्याच एकांनी 'हिमपादुका' सुचवला. शब्द गोड आहे, पण पादुका आपण पायात घालतच नाही, पालखीत ठेवतो. आणि आपली मंडळी स्नोशूंचंही तेच करतात. सॅकला बांधून शिखरापर्यंत मिरवून आणतात!

हसू नका, मीही त्यातलाच. पहिल्याच हिवाळ्यात त्या धारेवरच्या माउंट लाफायेतला गेलो. उंची 1,600 मीटर. आपली कळसूबाई 1,646. म्हटलं, हा तर बुटका. घरी सांगून टाकलं, चहाला परत येतो. सकाळी ओल्ड ब्रायडल पाथवरचा बर्फ तुडवून तुडवून सिमेंट झालेला. बूट खणखणत होते, स्नोशू पाठीवर. दुपारी ऊन तापलं आणि उतरताना पाय मांडीपर्यंत आत. तो काढतोय तोवर दुसरा आत. भातखाचरातला चिखल निदान सोडतो तरी; इथे खाली पुरलेल्या स्प्रूसच्या झाडांच्या फांद्यांनी बूट धरून ठेवला. मागून एक अमेरिकन आजोबा आले, स्नोशूवर, टपटप. माझ्या सॅककडे बघून म्हणाले, "हे कोणाला पोचवायचेत का?"

तेव्हा राग आला. पण आजोबांचं खरं होतं. मी पाडलेले खड्डे रात्री गोठणार आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणाचा तरी घोटा त्यात मुरगळणार. न्यूयॉर्क राज्यात, ॲडिरॉन्डॅकच्या हाय पीक्स भागात आठ इंच बर्फ असला की स्नोशू किंवा स्की सक्तीचे. आपल्या न्यू हॅम्पशरात सगळा मामला भिडेचा, आणि भीड आपण कोणाची...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? अहो, हवामान राहिलंय! बरं, भराभर.

झाडीत वारा लागत नाही, तिथेच फसगत होते. झाडं कमरेएवढी खुजी झाली की थांबा. जाकीट, जाड हातमोजे तिथेच चढवा, उघड्यावर नाही. उणे 15 अंश आणि ताशी 60 किलोमीटर वारा म्हणजे उघड्या कातडीला उणे 30. सह्याद्रीत घाम आला की बरं वाटतं, इथे घाम वैरी. म्हणून निघताना थोडं कुडकुडतच निघा. बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, झाकण उघडत नाही. लिटल हेस्टॅक शिखर ते लाफायेत ही पावणेतीन किलोमीटरची धार उघडी. तिथला बर्फ वारा उडवून नेतो, उरतो दगड आणि काचेसारखा गोठलेला थर. तिथे क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखालचे टोकदार काटे, चढवा, स्नोशू पाठीवर. पालखीची वाट तेवढीच, कबूल.

समोरच्या माउंट वॉशिंग्टनवर 12 एप्रिल 1934 रोजी ताशी 372 किलोमीटर वारा मोजला होता. तिथल्या वेधशाळेचा शिखरांसाठीचा अंदाज रोज येतो. रात्री वाचा, सकाळी पुन्हा वाचा. आणि शिखरावर ढगाची टोपी दिसली तर वाटेवरच्या ग्रीनलीफ हट या डोंगरी निवाऱ्याच्या भिंतीआड थेपले खाऊन परत फिरा. हट हिवाळ्यात बंद असते, भिंत उघडी असते.

प्रश्न चहाच्या वेळी. मागच्या टेबलावर माझे स्नोशू ठेवलेत. टाचेखालची तार उचलून बघा, खड्या चढाला पोटरी वाचते. घालून बघा, पाया पडू नका.