जुनी मोटारसायकल आणि कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग

[दृश्य : स्टँडवर उभी जुनी मोटारसायकल. फक्त इंजिनाचा आवाज.]

आधी नुसता आवाज ऐका. इंजिन स्लोवर, म्हणजे मूठ न पिळता, नीट बसत नाही. रेस आपोआप चढते, मग बुडते. मूठ पिळली की क्षणभर आचका बसतो आणि मगच गाडी उचल घेते. अशा वेळी हात थेट कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो तिथे लगेच नेऊ नये, कारण बिघाड दुसरीकडे असताना मिश्रण बदललं, तर एकाचे दोन बिघाड होतात.

कार्ब्युरेटरचं काम काय, ते आकड्यात पाहू. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आकारमानात बोलायचं, तर एक लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा. पूर्ण ताकद हवी असताना इंजिनाला थोडं जास्त पेट्रोल लागतं, साधारण साडेबारा ते तेरास एक. हे माप सांभाळायला आत ना सेन्सर, ना वीज. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबाने जेटमधून, म्हणजे मोजलेल्या भोकाच्या तोटीतून, वर ढकललं जातं. म्हणून वाटीची हवेची नळी चिखलाने किंवा किड्याच्या घरट्याने बुजली, तर सगळे जेट लख्ख असूनही इंजिन उपाशी राहतं.

[दृश्य : टॅपेट कव्हर उघडताना. फीलर गेज.]

आता क्रम. गार इंजिनावर टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हजवळची, फट मॅन्युअलप्रमाणे लावा. व्हॉल्व्ह घट्ट राहिला की तो नीट मिटत नाही आणि स्लो कधीच स्थिर होत नाही. मग ठिणगीच्या पॉइंटची गॅप आणि टायमिंग, प्लग, एअर फिल्टर. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक आणि पेट्रोल कॉकची जाळीही याच वेळी पाहून घ्या.

नंतर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबर. जुन्या गाडीत हा रबर कडक होतो आणि क्लॅम्पपाशी चिरतो. तिथून आत शिरलेली हवा मोजलेली नसते. मूठ सोडल्यावरही रेस वरच अडकून राहते, ती बऱ्याचदा यामुळे. इंजिन स्लोवर ठेवून रबराभोवती साध्या पाण्याचा फवारा मारा. चीर असेल, तर पाणी तिला क्षणभर बुजवतं आणि आवाज लगेच बदलतो. ज्वलनशील स्प्रेने ही तपासणी करू नका. सायलेन्सरचा पाइप वीतभर अंतरावर तापलेला असतो.

[दृश्य : वाटीतलं पेट्रोल काचेच्या भांड्यात काढताना.]

इतकं सगळं ठीक असेल, तरच कार्ब्युरेटर उतरवा. वाटीतलं पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्या. तळाशी वेगळे गोलसर थेंब दिसले तर ते पाणी. तपकिरी कण दिसले तर टाकी आतून गंजलीय. मग टाकी साफ होईपर्यंत पुढचं ट्यूनिंग करून उपयोग नाही.

जपानी कार्ब्युरेटरचे चौफुलीचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्ससारखे दिसतात, पण त्यांची खाच वेगळी असते. फिलिप्स ड्रायव्हर जोर लावताच वर उसळतो आणि मऊ स्क्रूचं डोकं खातो. जपानी मानकाच्या, म्हणजे जेआयएस, मापाचा ड्रायव्हर घ्या, वरून दाबून धरा, मग फिरवा. जेट पितळेचे असतात. त्यांना खाचेच्या पूर्ण रुंदीचा सपाट ड्रायव्हर लावा, अरुंद लावला तर खाच फाटते. फ्लोट म्हणजे वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी सांभाळणारा भाग. त्याची पिन ज्या खांबांत बसते ते ओतीव आणि ठिसूळ असतात. पिन हातोडीने ठोकली की खांब जातो आणि त्याबरोबर सगळी बॉडी.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो पायलट जेटला, म्हणजे स्लोवर पेट्रोल सोडणाऱ्या जेटला. याचं भोक बहुधा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. गाडी काही महिने उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. तो सर्वांत आधी इथे बसतो. पूर्ण मूठ उघडल्यावर लागणारा मेन जेट स्वच्छ दिसतो म्हणून कार्ब्युरेटर साफ आहे असं धरू नका. पायलट जेट उजेडासमोर धरा. भोक गोल आणि पूर्ण दिसायला हवं. बाजूची बारीक छिद्रंही मोकळी हवीत. स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की तो जेट कायमचा जास्त पेट्रोल सोडतो. क्लीनरमध्ये भिजवा, नायलॉनचा केस फिरवा, मग दाबाची हवा मारा.

जेट साफ झाला तरी बॉडीतली वाट अडलेली असू शकते. स्लोचं मिश्रण कमीजास्त करणारा मिक्स्चर स्क्रू काढून त्या भोकातून स्प्रे मारा. गळ्यात, थ्रॉटलच्या (मुठीने उघडणाऱ्या झडपेच्या) कडेपाशी असलेल्या छोट्या छिद्रांतून धार उडाली पाहिजे. डोळ्यांवर चष्मा असू द्या. स्क्रू काढण्याआधी तो हलकेच आत टेकवा आणि किती फेरे बसले ते लिहून ठेवा. टेकल्यावर आवळू नका, टोक आत मोडतं. काही कार्ब्युरेटरमध्ये या स्क्रूवर स्प्रिंग, वॉशर आणि इवलीशी ओ-रिंग असते. ओ-रिंग बहुतेकदा आतच चिकटून राहते. ती शोधून काढा. स्प्रे मारण्याआधी सगळे रबर बाजूला ठेवा. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या सीव्ही कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, क्लीनरने फुगतो आणि पुन्हा खोबणीत बसत नाही.

[दृश्य : फ्लोटची उंची मोजताना. नंतर वाटीला जोडलेली पारदर्शक नळी.]

जोडताना पहिली गोष्ट फ्लोट. वाटीतली पेट्रोलची पातळी एक-दोन मिलिमीटर चढली, तरी स्लोपासून फुल थ्रॉटलपर्यंत सगळीकडे पेट्रोल जास्त जाऊ लागतं. मग माणूस एकेक जेट बदलत बसतो, आणि चूक असते फ्लोटमध्ये. कार्ब्युरेटर इतपत तिरका धरा, की फ्लोटची पट्टी पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या सुईच्या स्प्रिंगदार टोकाला नुसती टेकेल, ते दाबलं जाणार नाही. तेव्हा उंची मोजा. माप मॅन्युअलमधलंच घ्या. सुईच्या शंकूवर वर्तुळासारखा घट्टा पडला असेल, तर सुई बदला, ओव्हरफ्लो त्यानेच होतो. शेवटी वाटीच्या निचऱ्याला पारदर्शक नळी लावून ती वर धरा, कॉक सोडा आणि खरी पातळी डोळ्यांनी बघा.

आता चालती गाडी. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या हाउसिंगवर चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. अडचण किती वेगाला येते, यापेक्षा मूठ किती उघडी असताना येते, हे पाहायचं. साध्या स्लाइडच्या, म्हणजे मुठीने थेट वर-खाली होणाऱ्या थ्रॉटलच्या, कार्ब्युरेटरमध्ये बंद ते एक अष्टमांशापर्यंत पायलट जेटचं राज्य. तिथून पावपर्यंत स्लाइडच्या तिरक्या कापाचं. पाव ते पाऊण स्लाइडला लटकणाऱ्या लांब सुईचं (फ्लोटची सुई वेगळी), आणि त्यापुढे मेन जेटचं. सीमा एकमेकींत मिसळतात, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. ज्या टप्प्यावर त्रास आहे तिथे मूठ धरून मिश्रण दाट करणारा चोक किंचित ओढा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, अजून बिघडली तर जास्त होतंय.

[दृश्य : मिक्स्चर स्क्रू जवळून.]

स्लोचं मिश्रण इंजिन पूर्ण गरम असताना लावायचं, एअर फिल्टर आणि त्याचा डबा जागेवर ठेवून. स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा. तो एअर फिल्टरकडे असेल, तर हवा मोजतो. बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. इंजिनाकडे असेल, तर पेट्रोल मोजतो. बाहेर काढला की दाट होतं. हे उलटं समजल्यामुळे तासन्‌तास वाया जातात.

मॅन्युअलचं माप नसेल, तर दीड फेऱ्यापासून सुरू करा. पाव फेरा फिरवा, काही सेकंद थांबा, ऐका. रेस जिथे सर्वांत वर जाते तिथे थांबा. मग स्लोच्या स्क्रूने रेस खाली आणा, आणि मिक्स्चर पुन्हा एकदा तपासा. इंजिनाकडचा स्क्रू तीन फेऱ्यांपुढे नेऊनच गाडी खूश होत असेल, तर पायलट जेट एक नंबर मोठा हवा. अर्ध्या फेऱ्याच्या आतच खूश असेल, तर लहान. फिल्टरकडच्या स्क्रूला हाच हिशेब उलटा.

पेट्रोल कमी असलं की मूठ सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात आणि चोक बराच वेळ लागतो. जास्त असलं की गाडी गार असताना बरी चालते, तापल्यावर जड होते आणि प्लगवर कोरडी काजळी बसते.

मधल्या टप्प्याला सुईची क्लिप. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. एका वेळी एकच खाच, मग फेरी. जुन्या गाडीत एक गोष्ट हमखास सुटते. वर्षानुवर्षं सुई घासून तिच्या खालच्या नीडल जेटचं भोक लांबट होतं. मग पाव थ्रॉटलवर काजळी येते आणि क्लिप कितीही वर नेली तरी हटत नाही. सुई आणि नीडल जेट दोन्ही जोडीने बदला.

मेन जेटला घाई नको. मोठ्या जेटपासून खाली या. पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टनला भोक पडू शकतं.

[दृश्य : चार व्हॅक्यूम गेज, काटे थरथरताना.]

१९६९ साली आलेल्या होंडा सीबी ७५० ला चार कार्ब्युरेटर होते. अशा इंजिनात प्रत्येक सिलेंडरने सारखाच ओढ घेतला पाहिजे. टेबलावर असतानाच एकाच जाडीची बारीक तार प्रत्येक स्लाइडखाली सरकवून सगळ्या सारख्या करा. मग गाडीवर ओढ मोजणारे व्हॅक्यूम गेज लावा. बहुतेक चार सिलेंडरच्या गाड्यांत आधी पहिली जोडी, नंतर दुसरी आणि शेवटी दोन जोड्या एकमेकींशी जुळवतात. समोर मोठा पंखा लावा. उभ्या गाडीचं हवेने गार होणारं इंजिन चटकन तापतं आणि वाचन बदलतं. ही जुळवणी, म्हणजे सिंक्रोनायझेशन, टॅपेट आणि मिश्रणानंतरच करायचं, आधी नाही.

शेवटची तपासणी केबलची. इंजिन स्लोवर ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवा. रेस जरासुद्धा चढली, तर केबल ताणली जातेय. तिचा मार्ग बघा, अॅडजस्टरने थोडी ढिली करा आणि हँडल पुन्हा वळवून पाहा.