सोयरिक वाघांची

[पहाटेचा अंधार. मंगल कार्यालयाचं फाटक. झेंडूच्या माळा सुकायला लागलेल्या.]

सोमवारी लग्न लागलं, संध्याकाळी नवरी सासरी गेली. आज बुधवार. पहाटेचे साडेतीन वाजलेत आणि मेंदी न उतरलेले हात थर्मासमधून चहा ओततायत. पंगतीतल्या वडाभाताने जड झालेली पोटं काल दिवसभर झोपून हलकी केली. तसंही काल कुठे जाता आलं नसतं, कारण मंगळवारी ताडोबा बंद असतं.

नवरीच्या बाबांनी पुण्या-नाशिकहून येणाऱ्या पाहुण्यांना पत्रिकेआधीच फोन केले होते, आधार कार्डाचे फोटो पाठवा म्हणून. कित्येकांना वाटलं, आहेराची काहीतरी नवी पद्धत असेल. ती माहिती खरं तर सफारीच्या परवान्यासाठी होती. एका जिप्सीत सहा पर्यटक, सोबत एक गाईड आणि एक चालक. तीन जिप्स्या, अठरा नावं. परवान्यावरचं नाव आणि हातातलं ओळखपत्र जुळलं तरच प्रवेश. कोणाच्या शेजारी कोण बसणार, यावरून लग्नघरात होतात ते सगळे रुसवेफुगवे परवान्याच्या त्या एका कागदाने मिटवून टाकली. मामांचे गुडघे ऐनवेळी दुखायला लागले, म्हणून त्यांच्या जागी साडूंना बसवायचा प्रयत्न झाला. जमला नाही. सहावी सीट रिकामीच राहिली.

[मोहर्ली गेट. जिप्स्यांची रांग. उजाडतंय.]

१९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. राज्यातलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, क्षेत्रफळ ११६.५५ चौरस किलोमीटर. शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६ चं. दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि त्याचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा. गेटवरच्या पाटीवर हे सगळं असतं, पण वऱ्हाडी पाटी वाचत नाहीत. त्यांचं लक्ष मोबाईलकडे, कारण गाभ्यात मोबाईल चालत नाही. सगळे फोन एका पिशवीत जातात. नवरीची आत्या पिशवीची गाठ स्वतः मारते, दागिन्यांच्या डब्याला मारावी तशी.

[जंगलातला रस्ता. साग, बांबू, मधूनच पांढरंफटक खोड.]

एप्रिलमधलं जंगल बघून पहिल्यांदा येणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो. सागाची पानं गळलेली, गवत वाळलेलं, सगळीकडे मातकट रंग. त्यात मध्येच उभं असतं कुलूचं पांढरं झाड. गाईड त्याला भुताचं झाड म्हणतात. मगरीच्या पाठीसारखी साल असते ती ऐनाची. ऐन म्हणजे साजा. गोंड लोकांचा बडादेव याच झाडात वस्तीला असतो. मोहाची फुलं आता संपत आलीत. ती रात्री गळतात आणि पहाटे बायाबापड्या वेचायला निघतात. अस्वलालाही तीच वेळ आवडते. वाघाचीही फिरायची वेळ तीच. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये मोहफुलांचा हंगाम आनंदाचा असतो तितकाच धास्तीचाही. जिप्सीत बसून हे जाणवत नाही, म्हणून सांगून ठेवलं.

आमचा गाईड जवळच्याच गावचा. तिशीच्या आतला, खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण. पाणवठ्याजवळ गाडी थांबते. दूर चितळ ओरडतं, वाघ-बिबट्याची चाहूल लागली की देतं तो इशारा. 'कॉल चालू आहे जी, थांबू थोडं,' तो म्हणतो.

थांबायचं म्हणजे गप्प बसायचं. वऱ्हाडाकडून ही अपेक्षा जरा जास्तच. आत्या कुजबुजते, 'इथली वाघीण कोणाची?'

प्रश्न ऐकून आम्हाला हसू आलं. गाईडला आलं नाही. त्याच्या दृष्टीने प्रश्न अगदी बरोबर होता.

कारण गाईडची विद्या हीच. ताडोबातल्या पांढरपवनी भागातली माया ही वाघीण २०२३ पासून दिसेनाशी झाली, पण तिच्या पिल्लांचा विषय निघाला की गाईड लोक अजूनही असं बोलतात, जणू शेजारच्या वाड्यातलं कोणी. कोण कोणाची लेक, कोणी आईच्या मुलखाला लागून जागा धरली, कोणता नर बाहेरून आला, त्याने कोणाला हुसकावलं, सगळं त्याला तोंडपाठ. लग्नघरात आत्याही हेच करत होती. ही चुलत, ती मावस, तो दुसऱ्या घरातला.

एकच गोष्ट उलटी. आपल्याकडे लेकीची पाठवणी होते. वाघांमध्ये लेक बहुधा आईच्या आसपासच राहते आणि मुलगा घराबाहेर पडतो. दीडदोन वर्षांचा झाला की आईपासून तुटतो आणि स्वतःची जागा शोधत निघतो. यवतमाळच्या टिपेश्वरमधल्या अशा एका तरुण नराला २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. शेतं, नदीनाले, हमरस्ते ओलांडत, तेलंगणातही जाऊन येत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरने मोजलेली त्याची चाल तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली. ज्ञानगंगात खायला होतं, जागा होती, मादी मात्र नव्हती. तिथे एखादी मादी आणून सोडावी का, याचाही विचार झाला.

'म्हणजे स्थळच नाही मिळालं त्याला!' आत्या हळहळते. आदल्या दोन दिवसांत तिने तीन स्थळं सुचवली होती, त्यामुळे तिची हळहळ मनापासूनची.

[पाणवठा. कॅमेरा स्थिर. बराच वेळ काही नाही.]

चाळीस मिनिटं आम्ही तिथे होतो. ऊन वर आलं. वानरं खाकरली, सांबराचा एक खणखणीत कॉल आला आणि बांबूच्या बेटातून ती निघाली. तिने आमच्याकडे बघितलंही नाही. पाण्यात पाठमोरी बसली, सावकाश, आधी शेपटी मग बाकीची. विदर्भातलं ऊन तिलाही सोसत नाही. चार-पाच मिनिटांनी उठून गेली. जिप्सीत कोणी बोललं नाही, कारण बोलायचं सुचलं नाही.

दुसऱ्या जिप्सीला रानकुत्री दिसली. तिसरीला काहीच दिसलं नाही, आणि त्याबद्दल तिसऱ्या जिप्सीतले काका पुढची दहा वर्षं बोलतील.

[ताडोबा तलाव. काठावरचं देवस्थान.]

परतीच्या वाटेवर ताडोबाचा तलाव. काठावर तारूचं ठाणं. तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी गोंडांची कथा. त्याच्याच नावावरून ताडोबा. पौष महिन्यात आसपासच्या गावांतले लोक त्याच्या यात्रेला येतात. गाईडने गाडीतूनच हात जोडले. पाठोपाठ आत्यानेही.

[गेट. फोनची पिशवी उघडली जातेय.]

गेटवर गाठ सुटली, फोन वाजायला लागले. आत्याने पर्समधून लाडवाचा पुडा काढून गाईडच्या हातात दिला आणि विचारायचं ते विचारलंच.

'तुझं झालं का रे लग्न?'

'येत्या महिन्यात आहे जी,' तो म्हणाला. 'मंगळवारी. त्या दिवशी गेट बंद असते ना, सगळे गाईड येऊ शकतात.'