खुर्चीत बसून ऐकायचा नाच

नमस्कार. फ्रान्सचा राजा चौदावा लुई तरुणपणी उत्तम नर्तक होता. 1653 मध्ये त्याने दरबारी बॅलेत उगवत्या सूर्याची भूमिका केली आणि 1661 मध्ये नृत्याची राजमान्य अकादमीही स्थापन केली. आजचे संगीत मात्र त्याच्या अखेरच्या दिवसांतले आहे. 1714 आणि 1715 मध्ये जवळजवळ दर रविवारी दरबारी संगीतकार फ्रान्स्वा कुपरँ मोजके वादक घेऊन त्याच्यासमोर छोटेखानी मैफल करीत असे आणि हार्प्सिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या आधीच्या तारांच्या कळवाद्यावर, स्वतः बसे. या रचना राजाच्या मृत्यूनंतर, 1722 मध्ये, ‘कॉन्सेर रॉयो’ (राजाच्या मैफली) या नावाने छापल्या गेल्या. व्हायोलिन, बासरी, ओबो (सनईसारखे फुंकवाद्य), व्हिओल (गजाने वाजवायचे जुने तंतुवाद्य), बासून (खर्जातले फुंकवाद्य) यांपैकी कोणी काय वाजवायचे, हे कुपरँने बहुतांशी वादकांवरच सोडले, त्यामुळे दोन ध्वनिमुद्रणे सहसा सारखी वाटत नाहीत.

या संग्रहातल्या प्रत्येक मैफलीत प्रील्यूडनंतर, म्हणजे सुरुवातीच्या तुकड्यानंतर, बहुतेक नृत्यप्रकारच येतात. समोर कोणी नाचत नसे, तरी पावलांचा हिशेब सुरांत राहिलाच. मिन्युएट घ्या. दादऱ्याची सवय असलेल्या कानाला त्याच्या सहा मात्रा तीन-तीन अशाच ऐकू येतात. नर्तकाच्या नेहमीच्या चालीत मात्र सहा मात्रांत चारच पावले असतात आणि ती पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मात्रेवर पडतात. हे ठाऊक असलेला वादक दर तीन मात्रांनी ठोका देत बसत नाही. तो सहाही मात्रा एका श्वासात घेतो, आणि माझ्या मते चांगला मिन्युएट तिथेच ओळखू येतो. गाव्हॉत हा नाच समेच्या अर्धे आवर्तन आधी उठतो, तर सराबांद दुसऱ्या मात्रेवर रेंगाळते.

चौथ्या मैफलीत कुपरँने फ्रेंच आणि इटालियन अशा दोन प्रकारच्या कूरांत (हेही एक नृत्य) लागोपाठ ठेवल्या आहेत. इटालियन कूरांत सरळ धावते. फ्रेंच कूरांतमध्ये त्याच सहा मात्रा कधी दोन-दोनच्या तीन गटांत, तर कधी तीन-तीनच्या दोन गटांत पडतात, आणि ऐकणारा क्षणभर गोंधळतो. हा गोंधळ अर्थातच हेतुपुरस्सर आहे.

याच चौथ्या मैफलीचा शेवट फोर्लान या नृत्याने होतो. हे नृत्य मूळचे ईशान्य इटलीतल्या फ्रिउलीचे, पण फ्रेंच दरबाराने ते आपलेसे केले. 1914 मध्ये फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेलने कुपरँची ही फोर्लान स्वतः लिहून काढली आणि मग ‘ल टोंबो द कुपरँ’ (कुपरँची समाधी) या पियानोरचनेत आपली फोर्लान घातली. 1917 मध्ये पूर्ण झालेल्या या रचनेचे भाग पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या मित्रांना अर्पण केलेले आहेत; त्यातला रिगोदों हा धसमुसळा, आनंदी नाच एकाच तोफगोळ्याने मारल्या गेलेल्या दोन भावांच्या नावे आहे. पुढे ही रचना पाच वायुवाद्यांच्या संचासाठीही रूपांतरित झाली. आता दोन्ही फोर्लान लागोपाठ ऐका: डुलती लय तीच आहे, मात्र राव्हेलचे स्वर कुपरँच्या कानाला नक्कीच खटकले असते.