थ्नी कोंगचा ऊस

मंडळी, मलेशियातल्या पेनांगला राहायचं आणि थ्नी कोंगचा वाढदिवस नुसत्या फटाक्यांवरून ओळखायचा, हे बरं नाही. थ्नी कोंग म्हणजे जेड सम्राट, ताओ पंथातला स्वर्गाचा राजा.

घोळ तारखेपासूनच होतो. चिनी वर्षाच्या पहिल्या महिन्यातला नववा दिवस, म्हणून आपण माघ शुद्ध नवमी बघतो आणि फसतो. अमावस्या ज्या दिवशी संपते तोच त्यांच्या महिन्याचा पहिला दिवस. आपली प्रतिपदा बहुधा दुसऱ्या दिवशी. २०२७ मध्ये त्यांचा नववा दिवस १४ फेब्रुवारीला येतो, आपली तेव्हा अष्टमी. शिवाय पूजा आदल्या रात्री अकरालाच सुरू होते. म्हणजे जायचं १३ तारखेच्या रात्री. १४ ला सकाळी गेलात तर राख बघून परत याल.

पेनांगच्या जॉर्जटाउन शहरात च्यू जेटी या पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या जुन्या चिनी वस्तीपाशी टेबलांची लांबलचक रांग लागते. देव आकाशातला, म्हणून मांडणी उघड्यावर. टेबल बाकांवर चढवून उंच करतात, पुढे भरतकामाचा लाल पडदा. अननस हवाच. लाल कासवाच्या आकाराचे 'आंग कू' असतात: वर चिकट तांदळाच्या पिठाची पारी, आत मुगाचं गोड सारण, खाली केळीचं पान. आपल्याला ओळखीचंच वाटेल, पण शाकाहाऱ्यांनी चरबी वापरली आहे का ते विचारून घ्यावं. शेजारी अख्खं भाजलेलं डुक्करही असतं.

खरा मान उसाचा. पानांसकट अख्खी जोडी टेबलाच्या दोन बाजूंना उभी बांधतात. शेंडा छाटलेला रसवंतीचा ऊस इथे चालत नाही. आख्यायिका अशी की हॉक्किएन, म्हणजे मूळचे चीनच्या फुजियान प्रांतातले लोक, हल्लेखोरांपासून उसाच्या फडात लपून वाचले आणि नवव्या दिवशी बाहेर आले. त्यांच्या बोलीत ऊस म्हणजे 'कम च्या', आभार म्हणजे 'कम सिया'. ही कोटी फार जुनी आणि मला तरी कथेपेक्षा जास्त पटणारी.

शेवटी देवाला वाहायचे सोनेरी कागद जाळतात. ते आधी एकेक करून वळवून, दुमडून ठेवतात. गठ्ठा तसाच टाकला तर आत हवा जात नाही, कडा जळतात आणि मधला भाग कोरा राहतो. ढीग पेटवताना ऊसही त्यावरच जातो. तेव्हा वारा पाठीशी घेऊन उभे राहा आणि सुती कपडे घाला; जळके कागद उडत येतात, सिंथेटिक साडीला सहज भोक पडतं.