पिंपातल्या पैशांवर जगलेली टीम

नमस्कार मंडळी. आज जरा लांबची गोष्ट घेऊन आलोय, जपानमधल्या एका बेसबॉल टीमची. बेसबॉल आपल्याला फारसा कळत नाही हे मान्य, मलाही सुरुवातीला नव्हता कळत, पण या गोष्टीसाठी नियम पाठ असायची काही गरज नाही, एवढंच लक्षात ठेवा की पिचर बॉल टाकतो, बॅटर मारतो, तीन जण आउट झाले की दुसऱ्यांची पाळी, आणि अशी नऊ इनिंगची मॅच असते, बस. टीमचं नाव हिरोशिमा कार्प.

हिरोशिमा म्हटलं की आपल्याला एकच तारीख आठवते, 6 ऑगस्ट 1945, सकाळचे सव्वाआठ. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात त्या शहराची गोष्ट तिथेच संपते, बॉम्ब पडला, माणसं गेली, चला पुढचा धडा. पण शहर तर तिथंच होतं ना, जे वाचले होते ते तिथंच राहत होते, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी उठायचंच होतं. तिसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, त्या राखेतून ट्राम पुन्हा सुरू झाली, अगदी थोड्या अंतरापुरती का होईना पण सुरू झाली. आणि 1949 संपता संपता त्या शहरानं ठरवलं की आपली स्वतःची प्रोफेशनल बेसबॉल टीम पाहिजे. चार वर्षांनी हो! अजून निम्म्या लोकांच्या डोक्यावर धड छप्पर नाही, आणि हे म्हणतात टीम पाहिजे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं वाचलंच नाही.

त्याला कारणही होतं. हिरोशिमा युद्धाआधीपासून बेसबॉलवेडं. तिथल्या कॉमर्स शाळेची पोरं राष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकून यायची, त्यांना शिकवणारा माणूस शूइची इशिमोतो, हा त्याच शहरातला, त्यानं पुढे ओसाकाची मोठी टीमही सांभाळली होती. 1950 साली जपानमध्ये बेसबॉलच्या दोन लीग झाल्या, नव्या टीम घ्यायच्या होत्या, हिरोशिमानं नाव दिलं आणि मॅनेजर म्हणून इशिमोतोला बोलावलं. नाव ठेवलं कार्प. कार्प म्हणजे एक नदीतला मासा, आणि तिकडे अशी समजूत आहे की हा मासा धबधबा चढून वर गेला की त्याचा ड्रॅगन होतो. शिवाय हिरोशिमाच्या जुन्या किल्ल्यालाच कार्पचा किल्ला म्हणायचे, तो किल्लाही बॉम्बमध्ये कोसळलेला.

आता अडचण काय झाली ते ऐका. जपानमध्ये प्रत्येक टीमच्या मागे एक कंपनी असते. जायंट्सच्या मागे पेपरवाले, टायगर्सच्या मागे रेल्वे कंपनी, कुणाच्या मागे मासेमारीची कंपनी, कुणाच्या मागे सिनेमावाली. कार्पच्या मागे कुणीच नाही. प्रांत सरकार आणि आसपासची शहरं थोडा हातभार लावायची, बाकी देव भरवशावर. पगार वेळेवर नाहीत, चांगले खेळाडू यायला तयार नाहीत, मग जे मिळाले ते घेतले, आणि पहिल्या वर्षी 41 मॅच जिंकले आणि 96 हरले. आठ टीममध्ये आठवे.

1951 च्या मार्चमध्ये पैसे पूर्णच संपले. टीम बंद करायची किंवा मासेमारीवाल्यांच्या टीममध्ये, तायो व्हेल्समध्ये, मिसळून टाकायची अशी बोलणी सुरू झाली, जवळजवळ ठरलंच होतं म्हणा. तेव्हा इशिमोतो उठला आणि लोकांकडे गेला. मॅनेजरचं काम खरं म्हणजे डगआउटमध्ये बसून मॅच चालवणं, पण हा माणूस गावोगाव फिरला, शाळांत गेला, कारखान्यांत गेला, भाषणं केली, जागोजागी मदत मंडळं काढली, थोडक्यात आपण गणपतीची वर्गणी मागतो तसं दारोदार फिरून मागितलं. आणि मैदानाच्या दाराशी लाकडी पिंप ठेवलं. साके, म्हणजे तांदळाची दारू, भरतात ना तिकडे मोठ्या पिंपात, तसलं. मॅचला येणारा माणूस तिकीट काढायचा आणि वर त्या पिंपात खिशात असतील तेवढे पैसे टाकायचा.

मंडळी, जरा विचार करा कोण टाकत होतं हे पैसे. ज्यांच्या घरात कुणी ना कुणी गेलंय अशी माणसं, ज्यांच्या स्वतःच्या अंगावर भाजल्याचे व्रण आहेत अशी माणसं, महिन्याचा हिशोब जुळत नाही अशी माणसं. मला वाटतं त्यांना टीम जिंकायला नकोच होती, म्हणजे जिंकली तर हवीच, पण पहिली गोष्ट म्हणजे ती असायला हवी होती. संध्याकाळी पेपरात आपल्या गावाचं नाव बॉम्ब सोडून दुसऱ्या कशासाठी तरी छापून यावं, एवढं. टीम वाचली. तिकडे त्या पिंपाला आजही लोक विसरलेले नाहीत.

पण संकट काही पिच्छा सोडेना. 1952 ला लीगनं नियम काढला की शंभरातल्या तीसपेक्षा कमी मॅच जिंकणाऱ्या टीमवर कारवाई होणार, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की हा नियम कुणावर येऊन पडणार. कार्पनं त्या वर्षी 37 जिंकल्या आणि 80 हरल्या, म्हणजे 31 टक्क्यांच्या थोडं वर, काठावर पास. आणि त्या नियमात सापडले कोण, तर सिनेमा कंपनीवाले शोचिकू रॉबिन्स, जे दोनच वर्षांपूर्वी लीगचे चॅम्पियन होते! ते 30 च्या खाली गेले आणि तायोमध्ये विलीन झाले. त्या काळात कार्पला खांद्यावर घेऊन चालणारा एक पिचर होता, ऱ्योहेई हासेगावा, उंची फक्त 167 सेंटिमीटर, त्यानं आयुष्यात 197 मॅच जिंकल्या आणि 208 हरल्या, बेसबॉलमध्ये मॅचच्या हारजितीचा हिशोब एकेका पिचरच्या नावावरही लागतो. आकडा बघून कुणी म्हणेल हरणारा पिचर, पण तो कुठल्या टीमसाठी बॉल टाकत होता ते बघा, तेवढ्या टीमसाठी 197 म्हणजे मला तरी डोंगर उचलल्यासारखं वाटतं.

इथं एक छोटी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिरोशिमातून खूप लोक हवाई आणि कॅलिफोर्नियाला कामाला गेले होते. त्यातला एक केनइची झेनिमुरा, जन्म 1900 साली हिरोशिमातला, अमेरिकेत वाढला, बेसबॉल खेळला, शिकवला. युद्धात अमेरिकेनं तिकडच्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्याला पाठवलं ॲरिझोनाच्या वाळवंटात हिला रिव्हर छावणीत, तर या माणसानं तिथं झुडपं तोडून, जमीन सारखी करून बेसबॉलचं मैदान उभं केलं. त्याची दोन मुलं 1953 ला समुद्र ओलांडून आली आणि कार्पकडून खेळली. बापाच्या गावाची टीम.

1957 च्या जुलैत नवं स्टेडियम झालं, शहरातल्या कंपन्यांनी पैसे दिले. जागा कुठली तर बॉम्बमध्ये उरलेला तो घुमट आहे ना, ज्याचा फोटो आपण सगळ्यांनी बघितलाय, त्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे. आता रात्रीच्या मॅच व्हायला लागल्या. एका बाजूला तो लोखंडी सांगाडा काळोखात उभा आणि दुसऱ्या बाजूला दिव्यांचा झगमगाट आणि हजारो लोकांचा आरडाओरडा. नुसती कल्पना केली तरी अंगावर काटा येतो.

पुढची अठरा वर्षं पटकन सांगतो कारण त्यात बहुतेक हरणंच आहे. 1968 ला तोयो कोग्यो, म्हणजे आपण ज्याला माझ्दा कार म्हणून ओळखतो ती हिरोशिमाचीच कंपनी, तिनं टीम हातात घेतली, नाव झालं हिरोशिमा तोयो कार्प. तरी 1972, 73, 74 तिन्ही वर्षं शेवटचा नंबर.

मग आलं 1975. जो लुट्झ नावाचा अमेरिकन मॅनेजर आणला. त्यानं आल्या आल्या टोपीचा रंग बदलला, निळी टोपी काढली आणि लाल दिली, म्हणाला लाल हा लढायचा रंग आहे. आणि सीझन सुरू होऊन महिना व्हायच्या आत गेलासुद्धा, अंपायरशी भांडण झालं, टीमचे अधिकारी मैदानात येऊन मध्ये पडले, त्याला वाटलं माझ्या कामात ढवळाढवळ झाली, राजीनामा. लाल टोपी तेवढी मागे राहिली. त्याच्या जागी आला ताकेशी कोबा, कार्पचाच जुना खेळाडू, आणि त्या लाल टोप्या जिंकायलाच लागल्या. सगळ्या जपानभर लाल हेल्मेटची लाट आली. 15 ऑक्टोबरला टोकियोत, कोराकुएन स्टेडियममध्ये, जायंट्सच्या घरात जाऊन, नवव्या इनिंगला गेल हॉपकिन्सनं तीन रनांचा होमरन मारला, म्हणजे बॉल थेट मैदानाबाहेर, 4-0, आणि 26व्या सीझनला कार्प पहिल्यांदा लीग चॅम्पियन.

विजयाची मिरवणूक निघाली शांती मार्गावर, म्हणजे शहर पुन्हा उभारताना जो शंभर मीटर रुंद रस्ता केला त्यावरून, आणि सुमारे 3 लाख लोक जमले. त्या गर्दीत काही माणसं हातात फोटो धरून उभी होती. चौकटीतले फोटो, आपण भिंतीवर हार घालून लावतो तसले. घरातल्या गेलेल्या माणसांचे. त्यांनाही मिरवणूक दिसावी म्हणून उंच धरलेले. यावर मी जास्त काही बोलत नाही.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं कार्पची सोन्याची. 1979 ला दोन्ही लीगच्या चॅम्पियनमधली फायनल, जपान सिरीज, सातवी मॅच, ओसाका, कार्प 4-3 नं पुढे, शेवटची इनिंग, आणि तिन्ही बेसवर, म्हणजे रन पुरी करायच्या वाटेवरच्या थांब्यांवर, समोरच्यांचे खेळाडू, एकही आउट नाही. पिचर युताका एनात्सु. एकाला स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीनदा बॉल मारायची संधी हुकवून आउट, मग समोरच्यांनी बॅट आडवी धरून हळूच बॉल ढकलायचा डाव टाकला, एनात्सुनं बॉल सुटता सुटता तो ओळखला, बॉल बाहेर वळवला, बॅट लागलीच नाही आणि तिसऱ्या बेसवरून पळत सुटलेला मध्येच सापडला, मग शेवटचा पण स्ट्राइकआउट. त्या एका इनिंगमध्ये त्यानं 21 बॉल टाकले, आणि जपानमध्ये नुसतं 21 बॉल म्हटलं तरी जुन्या लोकांना कळतं. 1980 आणि 1984 ला पण जपान सिरीज जिंकले.

या सगळ्यांत माझा जीव अडकलाय तो साचिओ किनुगासामध्ये. आई जपानी, वडील अमेरिकन सैन्यातले कृष्णवर्णीय, युद्धानंतरच्या जपानमध्ये असं वाढणं काय सोपं नसणार. हा माणूस 1970 ते 1987 सलग 2215 मॅच खेळला, एकही न चुकवता. 1979 च्या 1 ऑगस्टला जायंट्सच्या निशिमोतोचा बॉल त्याच्या पाठीवर बसला, खांद्याचं हाड मोडलं. सगळे म्हणाले संपला रेकॉर्ड. दुसऱ्या दिवशी हा बॅट घेऊन आला, तीन वेळा पूर्ण ताकदीनं बॅट फिरवली, तिन्ही वेळा बॉल हुकला, आउट. नंतर म्हणाला, पहिली फॅनसाठी, दुसरी स्वतःसाठी, तिसरी निशिमोतोसाठी. ज्याच्या बॉलनं हाड मोडलं त्याच्यासाठी, त्याच्या मनाला लागू नये म्हणून! पुढे 1996 ला अमेरिकेच्या कॅल रिपकेननं त्याचा रेकॉर्ड मोडला तेव्हा किनुगासा स्वतः कॅन्सस सिटीला जाऊन स्टेडियममध्ये बसला होता. 2018 ला तो गेला.

1991 ला पुन्हा एकदा लीग जिंकले आणि मग 25 वर्षं काही नाही. चांगला खेळाडू तयार झाला की श्रीमंत टीम घेऊन जायच्या. 2006 मध्ये हिरोकी कुरोदा नावाचा त्यांचा मुख्य पिचर जाणार अशी चर्चा होती, तर फॅननी स्टेडियममध्ये मोठा बॅनर लावला, त्यात लिहिलेलं की आपण एकत्र लढलोय, यापुढेही लढू, तू रडलास तर तुझे अश्रू आम्ही होऊ. तो एक वर्ष थांबला, मग अमेरिकेला गेला, लॉस एंजेलिसला खेळला, न्यूयॉर्कला खेळला, आणि 2015 ला, तिकडे कितीतरी जास्त पैसे मिळत असताना, चाळिशीला आलेला असताना, परत आला. त्याच वर्षी ताकाहिरो आराई पण परत आला, तोही कधीतरी रडत रडत सोडून गेला होता. 10 सप्टेंबर 2016, टोकियो डोम, हे जुन्या कोराकुएनच्या शेजारीच बांधलेलं, समोर पुन्हा जायंट्सच, आणि पिचर कुरोदा. जिंकले, 6-4, लीग चॅम्पियन. कुरोदा आणि आराई मिठी मारून जे रडले ना, तो व्हिडिओ मी कितीदा बघितला असेन.

हां, पिंप राहिलं. 2004 च्या शेवटी जुनं स्टेडियम पडायला आलं होतं, नवं पाहिजे, तेव्हा शहरात पुन्हा पिंपं ठेवली गेली. आजोबांनी पहिल्या वेळी टाकले, नातवांनी दुसऱ्या वेळी. 2009 ला स्टेशनजवळ नवं स्टेडियम उघडलं, रेल्वेच्या रुळांना लागूनच. आणि 2011 च्या 6 ऑगस्टला हिरोशिमात 53 वर्षांनी पहिल्यांदा त्या तारखेला मॅच झाली, इतकी वर्षं त्या दिवशी स्टेडियम बंद असायचं.

तिकडे रात्रीची मॅच सहाला सुरू होते, तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात. जेवण झालेलं असतं, मी स्कोअर लावून बसतो. कार्प बऱ्याचदा हरलेले असतात. तुम्हीही एखाद्या दुपारी लावून बघा, लाल टोप्या लगेच ओळखू येतील. भेटू पुढच्या आठवड्यात, नमस्कार.