नोंदवही सांभाळणारी माणसे

ही ग्रंथालयाची दाखल नोंदवही. रत्नागिरी जिल्ह्यातील या महाविद्यालयात आलेले प्रत्येक पुस्तक आधी या रकान्यांत उतरते आणि मगच कपाटात जाते. कोकणातला पावसाळा कागदाला सोसत नाही. बुरशी धरते, वाळवी लागते. म्हणून उघडीप मिळताच परिचर कपाटे उघडून नोंदवह्यांना वारा देतात. पडताळणीच्या दिवसांत एक जण दाखल क्रमांक पुकारतो आणि दुसरा नोंदवहीत खूण करतो. कपाटामागून कपाट हे काम दिवसभर चालते.

महाविद्यालयांच्या दर्जाचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषद, म्हणजेच नॅक, १९९४ मध्ये स्थापन झाली. परिषदेने २०१७ मध्ये आणलेल्या सुधारित पद्धतीत सात निकष आणि एकूण १००० गुण होते, आणि त्यांतील मोठा वाटा आकडेवारीचा होता. पुस्तकांवरील वार्षिक खर्च, शिष्यवृत्तीचे लाभार्थी, तक्रार निवारण अशा प्रत्येक आकड्यामागे कागद जोडावा लागे आणि समिती पाहणीला येण्यापूर्वीच त्याची छाननी होई. या मूल्यांकनासाठीचा अहवाल प्राध्यापक लिहितात हे खरे, पण त्याचा पुरावा ग्रंथालयात, लेखा विभागात आणि शिष्यवृत्तीच्या खिडकीच्या आत तयार होतो.

ही शिष्यवृत्तीची खिडकी. एसटीने आलेली मुले येथे महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील अर्जांसाठी रांगेत उभी आहेत. कोणाचा उत्पन्नाचा दाखला जुना झाला आहे, तर कोणाचे बँक खाते आधारशी जोडलेले नाही. खिडकीतील लिपिक अशा प्रत्येक अडचणीची एका वेगळ्या वहीत नोंद ठेवतात. तसे करण्यास त्यांना कोणी सांगितलेले नाही. शिष्यवृत्ती किती जणांना मिळाली, एवढेच परिषदेचा निकष विचारत असे. कोणाची आणि कशामुळे अडली, हे फक्त या वहीत सापडते. त्याच पद्धतीतील विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा रोखही अध्यापन-अध्ययनावर असल्यामुळे या खिडकीचा अनुभव त्यात फारसा उमटत नसे.

महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात प्राचार्य, प्राध्यापक, व्यवस्थापनाचे प्रतिनिधी, विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि काही वरिष्ठ प्रशासकीय अधिकारी असावेत, असे परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. लिपिक, ग्रंथालय परिचर आणि वसतिगृहाच्या अधीक्षिका यांचा त्यांत उल्लेख नाही. त्यांच्याकडून माहिती मागवली जाते, मत मागवले जात नाही. साहाय्य सेवांचे मूल्यांकन करायचे असेल, तर ती सेवा रोज देणाऱ्या माणसाचे मत हा त्याचा पहिला आधार असला पाहिजे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

त्या पद्धतीत परिषदेने महाविद्यालयाला दिलेली श्रेणी घसरली तर अनुदानाच्या काही योजनांची दारे बंद होत आणि प्रवेशांवरही परिणाम होई.

कक्षाची बैठक दर तिमाहीला होते. पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर शिष्यवृत्तीची ही वही यावी, आणि ती वाचून दाखवण्यासाठी लिपिकांनाच बोलावले जावे. त्यासाठी कोणताही नियम बदलावा लागत नाही.